गाडीची जादा वॉरंटी : घ्यावी की नको?

नवी गाडी दारात आली, पेढे वाटून झाले, की शोरूममधून विचारणा होते, "जादा वॉरंटी घेताय ना?" आकडा ऐकून घरखर्च सांभाळणारीच्या पोटात गोळा येतो! शिंदखेड्याच्या भगिनींनो, घाई नको. आधी तीन गोष्टी पाहा.

पहिली, मूळ वॉरंटी किती? मारुतीने जुलै २०२४ मध्ये ती दोन वर्षे किंवा ४० हजार किलोमीटरवरून तीन वर्षे किंवा एक लाखावर नेली. वर्षे आणि किलोमीटर, यांतले जे आधी भरेल तिथे ती संपते.

दुसरी, पदरात काय पडणार? साधारणपणे इंजिन, गिअरबॉक्स, वीजयंत्रणा यांचा बिघाड. टायर, ब्रेक पॅड, क्लच प्लेट हे झिजणारे भाग त्यात धरत नाहीत. आणि अपघात झाला तर विमा, वॉरंटी नव्हे, बरं का!

तिसरी, अटी. सर्व्हिसिंग वेळच्या वेळी, अधिकृत वर्कशॉपमध्येच हवे. त्यासाठी धुळ्याची खेप जमणार का? गावातल्या मिस्त्रीकडेच गाडी जाणार असेल, तर दावा नाकारला जाण्याची भीती.

तेव्हा रोजची धाव लांबची आणि गाडी सहा-सात वर्षे ठेवायची असेल, तर मूळ मुदत संपण्याआधी जरूर घ्या. लग्नकार्य नि दोंडाईच्याच्या बाजारापुरतीच गाडी निघत असेल, किंवा लवकर विकायची असेल, तर तेवढीच रक्कम पोस्टात ठेवा. दुरुस्ती निघाली तर ती आहेच, नाही निघाली तर पैसे आपलेच!

घेतलीत तर प्रत्येक बिल जपा. रास्त दावा अडला, तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.