विश्लेषण : हुशार दादाच्या मागे गप्प बसलेली धाकटी कुणाच्या नजरेस पडते?

जूनमध्ये नवा वर्ग भरतो. बाई हजेरी घेतात आणि एका नावापाशी थांबून विचारतात, ‘तू त्याचीच बहीण ना? मग तुझ्याकडून तर अपेक्षा जास्त!’ कौतुकाच्या या वाक्याने वर्ग हसतो, मुलगी मान खाली घालते. दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या होटगीपासून पुण्या-मुंबईपर्यंत कुठल्याही शाळेत हे घडू शकते. दादाचे नाव शिष्यवृत्तीच्या फलकावर असते. धाकटी ‘बरी आहे, पण दादासारखी नाही’ या एका वाक्यात मिटवली जाते.

भावंडांच्या बुद्धीत खरेच इतका फरक असतो?

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लिंडा सिल्व्हरमन यांच्या डेन्व्हरमधील केंद्राने भावंडांच्या १४८ संचांची बुद्ध्यंक चाचणी तपासली. एक तृतीयांशांहून अधिक संचांत भावंडांचे बुद्ध्यंक ५ गुणांच्या आत होते, तर तीन पंचमांशांहून अधिक संचांत १० गुणांच्या आत. ही कुटुंबे स्वतःहून चाचणीसाठी आलेली होती, त्यामुळे हे आकडे सरसकट सगळ्या घरांना लावता येणार नाहीत. पण त्यांचे एक निरीक्षण आपल्याकडच्या पालकांनाही पटेल. दुसरे मूल अनेकदा ओळखलेच जात नाही, कारण त्याची हुशारी पहिल्यापेक्षा वेगळ्या वाटेने दिसते. थोरल्याने एक जागा घेतली की धाकटे दुसरी शोधते. दादा धडाधड उत्तरे देतो, म्हणून ती उत्तर देणेच सोडते.

गिलफर्ड या मानसशास्त्रज्ञाने विचारांचे दोन प्रकार वेगळे मांडले होते : एकच अचूक उत्तर गाठणारा आणि एका प्रश्नातून अनेक वाटा काढणारा. शाळेच्या परीक्षेत बहुतेक गुण पहिल्या प्रकाराला मिळतात.

गप्प म्हणजे काय?

होटगीत हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. इथून एक रेल्वेमार्ग वाडीकडे आणि दुसरा विजयपूर-गदगकडे फुटतो. भाषाही तशाच दोन. अनेक घरांत कन्नड बोलली जाते, आणि मूल मराठी शाळेत गेले की वर्गातला प्रश्न त्याला मनात एकदा फिरवून घ्यावा लागतो. तेवढ्यात दुसऱ्याचा हात वर गेलेला असतो. थोरल्याला ही सवय झालेली असते, धाकटीला अजून नसते. अशा वेळी ‘तिला कळत नाही’ असा शेरा मारणे सोपे, पण चुकीचे. तोच प्रश्न घरच्या भाषेत विचारून पाहावा. उत्तर आले, तर अडचण बुद्धीची नव्हती.

काही मुले स्वभावानेच अबोल असतात. काहींना नीट ऐकू किंवा दिसत नसते. आधी ते तपासून घेतलेले बरे.

घरात काय पाहायचे?

गुणपत्रिका बाजूला ठेवून आठवडाभर फक्त बघा. बंद पडलेला रेडिओ ती उघडून बसते का? दुकानातून येताना सुट्ट्या पैशांचा हिशेब तिचा आधी होतो का? एकच गोष्ट सांगताना दर वेळी शेवट बदलते का? मोठ्यांच्या गप्पा ऐकून दोन दिवसांनी नेमका अडचणीचा प्रश्न विचारते का? दादाची चूक तिला दिसते, पण ती बोलून दाखवत नाही, असे होते का? यातल्या एखाद्या गोष्टीवरून निष्कर्ष काढू नये. पण हे वारंवार दिसले तर शिक्षकांशी बोलावे. आणि बोलताना दादाचे नाव काढू नये.

मंगेशकर भावंडांत मीना खडीकर यांचे उदाहरण बोलके आहे. लता आणि आशा यांच्या घरातल्या या बहिणीने संगीत दिग्दर्शनाची वाट धरली. मराठी मुलांच्या पिढ्यांना पाठ असलेल्या ‘सांग सांग भोलानाथ’ला चाल त्यांची. थोरल्या बहिणीवर त्यांनी लिहिलेल्या पुस्तकाचे नावच ‘मोठी तिची सावली’.

चाचणी आणि संधी

प्रज्ञावंत मुलांच्या शिक्षणाचे काम १९६२ पासून करणाऱ्या पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीचे केंद्र सोलापुरातही आहे. मात्र गावातल्या पालकांच्या तोंडी आधी नाव येते ते नवोदयचे. जिल्ह्याचे जवाहर नवोदय विद्यालय मोहोळ तालुक्यातल्या पोखरापूरला आहे. सहावीच्या प्रवेशासाठी पाचवीत परीक्षा होते आणि ती आयुष्यात एकदाच देता येते. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. १०० पैकी ५० गुण मानसिक क्षमता चाचणीला, आणि तिच्यातले प्रश्न आकृत्यांचे असतात. तिथे बोलावे लागत नाही, भाषा आडवी येत नाही.

अर्ज भरताना घरात पहिला विचार बहुधा असा होतो : ‘दादाला जमले नाही, हिला काय जमणार?’ किंवा ‘दादा आहे ना तिथे, ही राहू दे गावात.’ मुलगी असेल तर दुसरे वाक्य अधिक लवकर येते. तिला विचारायचे मात्र राहून जाते, आणि अर्जाची मुदत संपते.