ठिणगीविना आग

निफाडच्या थंडीची बातमी दर हिवाळ्यात पेपरात येते. पारा पाच अंशांच्या आसपास घसरला की द्राक्षबागांत रात्रभर शेकोट्या पेटतात, मणी तडकू नयेत म्हणून. अशाच एका पहाटे काकांच्या वीस वर्षं जुन्या पिकअपमध्ये मी चावी फिरवली. हौद्यात कांद्याच्या गोण्या रचलेल्या होत्या, लासलगावच्या बाजारात लिलावाआधी पोचायचं होतं. इंजिन जडपणे घुरघुरलं, पण पेटलं नाही. पुन्हा सेल मारला, पुन्हा तेच.

काका बोनटकडे गेलेच नाहीत. ते मागे जाऊन सायलेन्सरपाशी उकिडवे बसले आणि म्हणाले, "अजून एकदा मार. दहा सेकंदच." मी मारला. ते उठले. "धूरच नाही. डिझेल आतच जात नाहीये. काल फिल्टर तूच बदललास ना?"

बदलला मीच होता. पण धूर नाही म्हणजे डिझेल नाही, हे त्यांना न उघडता कसं कळलं, या प्रश्नाने मला त्या दिवसापासून जे धरलं ते आजवर सोडलेलं नाही.

सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं टोक तापतं, हे आपण सगळ्यांनी लहानपणी हाताने अनुभवलेलं आहे. हवा दाबली की तापते. डिझेल इंजिनाचं सगळं गुपित तेवढंच. पेट्रोलच्या गाडीत ठिणगी पाडणारा प्लग असतो. इथे तो नाहीच. पिस्टन वर येतो आणि आतली हवा जवळपास अठराव्या हिश्शात कोंबतो. हवा इतकी तापते की तिच्यात डिझेलचा फवारा शिरताच तो आपोआप पेट घेतो. काडी नाही, ठिणगी नाही, नुसती दाबलेली हवा.

आता निफाडची थंडी या गणितात घालून पाहा. हवा अठरापट दाबली आणि उष्णता कुठेही गळली नाही असं धरलं, तर केल्विनमध्ये मोजलेलं तापमान साधारण 3.2 पट होतं. दुपारची 30 अंशांची हवा दाबल्यावर 690 अंशांच्या जवळ जाते, पहाटेची 5 अंशांची हवा 610 च्या आसपासच थांबते. बाहेर पारा एक अंश उतरला की आत तीन अंशांहून जास्त तूट. शिवाय हे झालं कागदावरचं. प्रत्यक्षात थंडगार लोखंडाच्या भिंती उष्णता शोषून घेतात आणि झिजलेल्या रिंगांच्या फटीतून हवा निसटते. इंजिन जितकं हळू फिरेल तितका या गळतीला वेळ जास्त. म्हणून हिवाळ्यात जुन्या डिझेलचं पहिलं औषध इंजिनात नसतं, ते बॅटरीपाशी असतं. टर्मिनलवर जमलेली पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्याने धुऊन, घासून, तार घट्ट आवळली की स्टार्टर जोरात फिरतो, आणि तो जोर थेट उष्णता होऊन हवेत उतरतो. काही इंजिनांना हीटर प्लग असतात. डॅशबोर्डवरचा नारिंगी दिवा विझेपर्यंत थांबायचं असतं, ते याचसाठी.

पण त्या पहाटे अडचण उष्णतेची नव्हती, आणि धुराने ती खूण आधीच दिली होती. डिझेल आत फवारलं जातंय पण पेटत नाहीये, अशी स्थिती असती तर सेल मारताना सायलेन्सरमधून पांढरट वाफ निघाली असती. ते न जळलेलं डिझेलच. काहीच निघालं नाही, म्हणजे डिझेल वाटेतच अडलं होतं.

ती वाट हाताने चाचपता येते, जुन्या पिकअपचं हेच मला सगळ्यात मोठं देणं वाटतं. टाकीतून नळी निघते ती फिल्टरला. फिल्टरच्या तळाशी पाणी साठतं, कारण ते डिझेलपेक्षा जड. पावसाळ्यात ते अधूनमधून खालचा स्क्रू सैल करून बाटलीत काढायचं. पहिल्यांदा काढाल तेव्हा तळाला बसलेला पाण्याचा थर आणि वर तरंगणारं डिझेल डोळ्यांनी दिसेल. पुढे पंप, आणि पंपातून चार जाड पोलादी नळ्या चार नोझलांना.

नवा फिल्टर बसवताना मी तो डिझेलने भरला नव्हता. त्यातली हवा नळीत शिरली. मिस्त्री लोक म्हणतात, "गाडीने एअर घेतली." एवढ्याशा हवेने दोन टनांची गाडी का अडावी? कारण द्रव जवळजवळ दाबला जात नाही आणि हवा दाबली जाते. पंप डिझेलला ढकलतो तेव्हा तो धक्का जसाच्या तसा नोझलपर्यंत पोचतो आणि नोझलमधली सुई स्प्रिंगविरुद्ध वर उचलली जाते. अशा इंजिनांत ही सुई उचलायला 200 बार किंवा त्याहूनही जास्त दाब लागतो. गाडीच्या टायरमधल्या हवेच्या शंभरपट. नळीत हवेचा बुडबुडा असला की पंपाचा सगळा जोर तो बुडबुडा दाबण्यातच खर्च होतो. बुडबुडा आकसतो, फुगतो, आकसतो. सुई हलतच नाही.

काकांनी फिल्टरवरचा एअर काढायचा स्क्रू दोन आटे सैल केला आणि पंपाशेजारचा छोटा हँड पंप अंगठ्याने दाबायला लागले. स्क्रूपाशी साबणासारखा फेस आला. फेस विरळ झाला, मग चुळचुळ आवाज थांबला आणि स्वच्छ डिझेल वाहू लागलं. हँड पंप दाबलेला असतानाच स्क्रू आवळला. मग गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक वर, आणि सतराचा पाना घेऊन पहिल्या नोझलवरचा नट अर्धा आटा सैल. मी सेल मारला, नटाभोवती फेस फुरफुरला, मग डिझेल. आवळा, दुसरा. तिसऱ्या नटावर असतानाच इंजिनाने एक ठोका दिला.

इथे थोडं थांबून एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. चालू इंजिनाच्या या नळ्यांत फट पडून बारीक धार उडत असेल तर ती बोटाने चाचपू नका. त्या दाबाचं डिझेल कातडी भेदून आत जातं. वरून सुईच्या टोकाएवढा ठिपका दिसतो, आत मांस सडतं, आणि बोट, कधी हातही जातो. गळती शोधायची तर पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरायचा. तशी इजा झालीच तर दुखत नसलं तरी त्याच घटकेला हॉस्पिटल गाठायचं.

आता त्या एका फवाऱ्यात डिझेल असतं तरी किती? पिकअप ताशी 60 किलोमीटरने चालली आहे आणि लिटरला 12 देते असं धरू. तासाला पाच लिटर. इंजिन मिनिटाला 2000 फेरे फिरतंय. चार सिलिंडर, दर दोन फेऱ्यांना प्रत्येकी एक फवारा, म्हणजे तासाला 2 लाख 40 हजार फवारे. भागाकार करा: एका फवाऱ्याला सुमारे 21 घन मिलिमीटर. ड्रॉपरमधून पडणारा पाण्याचा थेंब साधारण 50 घन मिलिमीटरचा असतो. अर्ध्या थेंबाहूनही कमी डिझेल, केसाच्या तीन-चार पट रुंद छिद्रांतून, सेकंदाच्या पाचशेव्या-सहाशेव्या भागात, चारही सिलिंडरना सारखं. आणि हे मोजून देणाऱ्या यंत्रात एकही चिप नाही. मी हा हिशेब पहिल्यांदा मांडला तेव्हा चूक असेल म्हणून तीनदा तपासला.

हे मोजमाप कसं होतं, ते तर त्याहून सुंदर आहे. जुन्या पंपाच्या एका तऱ्हेत प्रत्येक सिलिंडरसाठी एक छोटा दट्ट्या असतो. तो दर वेळी तेवढाच वर जातो, तेवढाच खाली येतो. त्याच्या अंगावर तिरकी खाच कोरलेली असते. वर जाताना ही खाच बाजूच्या छिद्रासमोर आली की दाब सुटतो आणि फवारा थांबतो. तुम्ही ॲक्सिलरेटर दाबता तेव्हा दट्ट्या जास्त जोराने ढकलला जात नाही, तो आपल्या आसाभोवती थोडासा वळतो. खाच तिरकी, म्हणून वळल्यावर ती छिद्रापाशी उशिरा पोचते, आणि तेवढ्या वेळात डिझेल जास्त जातं. कांद्याने भरलेली गाडी चांदवडचा घाट चढते ती पोलादावरच्या एका तिरक्या रेघेच्या भरवशावर.

हा दट्ट्या आणि त्याची नळी यांच्यात रबरी सील नसतं. दोन पोलादी अंगं इतकी नेमकी घासलेली असतात की मधली फट दोन-तीन मायक्रॉनची. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉनचा. त्या फटीत वंगण म्हणून फक्त डिझेल. फिल्टर स्वस्तातला घेऊ नये, टाकीत कॅनने डिझेल ओतताना फडक्याने गाळून भागत नाही, हे सगळं या फटीवरून कळतं. आणि घरच्या दुरुस्तीची सीमाही इथेच आहे. फिल्टर, एअर, बेल्ट, टॅपेट, ब्रेक, ग्रीस, नोझल काढणं-बसवणं इथवर अंगणात करावं. पंपाचं पोट मात्र उघडू नये. धुळीचा एक कण त्या फटीपुढे दगड असतो.

रुडॉल्फ डिझेलला हा पंप मिळाला नव्हता. 1897 साली जर्मनीतल्या आउग्सबुर्ग इथे त्याचं इंजिन तपासलं गेलं तेव्हा त्याने इंधनातल्या उष्णतेचा सुमारे 26 टक्के भाग कामी लावला. वाफेची इंजिनं त्या काळी याच्या जवळपासही नव्हती. पण इंधन आत फुंकायला त्याला दाबलेली हवा लागे आणि तिच्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर. असं धूड मोटारीत कुठे मावणार? ते इंजिन कारखान्यांत आणि जहाजांत राहिलं. 1913 साली डिझेल इंग्लंडला निघालेल्या बोटीवरून रात्री नाहीसा झाला. रॉबर्ट बॉशच्या कंपनीने 1927 साली इंधनाचा पंप मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतला आणि डिझेल मालमोटारींमध्ये पसरलं. आपल्याकडे 1951 साली मायको ही कंपनी निघाली, पुढे नाशिकच्या सातपूरलाही तिचा कारखाना आला आणि तिथे नोझलं बनू लागली. कंपनीचं नाव 2008 साली बदलून बॉश झालं, तरी नाशिककर चौकाला मायको सर्कलच म्हणतात. बोलेरो गाडीही नाशिकचीच. निफाडच्या शेतकऱ्याच्या दारात उभ्या असलेल्या यंत्राची मुळं अशी तासाभराच्या अंतरात सापडतात.

डिझेलइतकंच लक्ष हवेकडे द्यायला हवं, आणि तिथेच बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. एक लिटर डिझेल पुरतं जळायला कमीत कमी बारा किलो हवा लागते. आकारमानात मोजली तर दहा हजार लिटर. उन्हाळ्यात गावात पाण्याचा टँकर येतो, तो डोळ्यांपुढे आणा. दर लिटरमागे तसा एक टँकर हवा इंजिन ओढतं, आणि कांदा काढणीच्या दिवसांत ती हवा कुठून येते? धुळीच्या शिवाररस्त्यावरून. एअर फिल्टर तुंबला की हवा कमी पडते, डिझेल अर्धवट जळतं आणि काळा धूर निघतो. तो फाटला तर त्याहून वाईट. धूळ आत जाऊन लायनरला पॉलिश पेपरसारखी घासते, मग इंजिन ऑइल वर चढून जळायला लागतं आणि धुराला निळी झाक येते. पांढरा धूर गाडी तापल्यावरही थांबत नसेल आणि रेडिएटरमधलं पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. मात्र ते पाणी इंजिन गार झाल्यावरच पाहावं. गरम रेडिएटरचं झाकण उघडून तोंड भाजलेली माणसं मी पाहिली आहेत.

काळ्या ऑइलला मात्र घाबरू नये. डिझेल इंजिनात नवं ऑइल थोड्याच दिवसांत काळं होतं. काजळी पकडून ठेवणं हे त्याचं कामच आहे. ते किलोमीटर मोजून बदलावं, आणि काढलेलं ऑइल बांधावर ओतू नये. ते विहिरीत उतरतं.

ही काजळी विषारी आहे, हेही मला तितक्याच जोराने म्हणायचंय. डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 साली कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. जुनी गाडी कितीही नीट राखली तरी ती नव्या गाडीइतकी स्वच्छ होत नाही. पण तीच गाडी आणखी पाच वर्षं रस्त्यावर राहणारच असेल, तर तुंबलेला फिल्टर आणि गळकं नोझल घेऊन राहणं आणि दुरुस्त होऊन राहणं यांतला फरक शाळेच्या रस्त्यावर चालणाऱ्या पोरांच्या छातीत उतरतो.

त्या दिवशी आम्ही लासलगावला पोचलो, जरा उशिरा. पण एक सिलिंडर मधूनच ठोका चुकवत होता. दुसऱ्या दिवशी काकांनी मला चारही नोझलं काढायला लावली. प्रत्येकावर सिलिंडरचा आकडा खडूने लिहिला, खालचे तांब्याचे वॉशर बाजूला काढले, कारण ते पुन्हा वापरायचे नसतात. भोकांत स्वच्छ फडकी कोंबून आम्ही नाशिकला इंजिनाचे पंप दुरुस्त करणाऱ्या पंपवाल्याकडे गेलो.

टेबलावर एक दांडा, एक दाबाचं घड्याळ आणि काचेचं भांडं. त्याने पहिलं नोझल लावलं आणि दांडा खाली ओढला. किर्रर्र असा आवाज आला आणि टोकातून धुक्यासारखा फवारा सुटला. सुई सेकंदाला कित्येकदा उघडते-मिटते, तिचा तो आवाज. दुसरं किरकिरलं, तिसरंही. चौथं लावलं. दांडा खाली आला, आवाज नाही. टोकाशी एक थेंब जमला, लांबला, आणि भांड्यात पडला.

पंपवाल्याने काकांकडे पाहिलं. काकांनी माझ्याकडे. "बघितलंस?" ते म्हणाले, "आता नवीन टोक बसवल्यावर दांडा तू ओढ."