खटका दोन मिलिमीटरचा

"काका, लाल घेऊ की निळा?"

चिंचवडला आमच्या शेजारी राहणाऱ्या नववीतल्या मुलाने एका रविवारी सकाळी दारातूनच हा प्रश्न टाकला, तेव्हा मला वाटले हा सदऱ्याविषयी विचारतो आहे. पण त्याला हवा होता संगणकाचा कळफलक, आणि लाल-निळे होते ते त्या कळफलकाच्या आतले खटके! संगणकावर धावपळीचे, नेमबाजीचे खेळ खेळणाऱ्या त्याच्या मित्रांत यावरून मोठे वाद चालतात म्हणे. लाल खटका जलद की निळा? का रुपेरी? आणि हल्ली निघालेला चुंबकाचा?

त्याचे वडील तिथेच चहा घेत बसले होते. ते चाकणला, मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात पॉवर प्रेसवर काम करतात. ते म्हणाले, "बटण ते बटण. त्यात काय एवढं निवडायचं?" आणि मग स्वतःच क्षणभर थांबून आपल्या डाव्या हाताकडे पाहत म्हणाले, "नाही, तसं नाही म्हणता येणार."

त्या हाताची तर्जनी एका पेराने आखूड आहे. ती हकिकत पुढे येईलच. आधी खटका उघडून पाहू.

स्वस्त कळफलकात प्रत्येक कळीखाली रबराची एक लहानशी घुमटी असते. कळ दाबली की घुमटी चेपते आणि कळ अगदी तळाला टेकते तेव्हाच खालच्या दोन पापुद्र्यांवरचे वाहक पट्टे एकमेकांना चिकटून विद्युत मंडल पूर्ण होते. यांत्रिक कळफलकात मात्र प्रत्येक कळीला स्वतंत्र खटका असतो. त्यात एक दांडा, एक स्प्रिंग आणि धातूच्या दोन पातळ पात्या असतात. दांड्याला एक उंचवटा असतो. कळ वर असताना हा उंचवटा एका पातीला दूर रेटून धरतो. दांडा खाली सरकला की पाती सुटते आणि दुसरीला जाऊन भिडते. म्हणजे येथे बोट पात्यांना एकमेकींवर दाबत नाही. ते फक्त मधला अडसर दूर करते. ही युक्ती मला फार आवडते. माणूस कितीही जोराने वा हळू कळ दाबो, पात्या भिडण्याचा दाब तोच राहतो.

ह्या जातीचा सर्वांत प्रसिद्ध खटका म्हणजे चेरी ह्या जर्मन कंपनीने १९८०च्या दशकात आणलेला 'एमएक्स'. आज अनेक कंपन्या त्याच घडणीचे खटके बनवतात आणि दांड्याच्या रंगावरून त्यांना ओळखतात. लाल खटका सरळ असतो. तो दाबताना मध्ये कोठेही अडत नाही. सुमारे ४५ ग्रॅम भाराने तो २ मिलिमीटर खाली गेला की मंडल जुळते. आणखी २ मिलिमीटरनंतर तळ येतो. तपकिरी खटक्यात वाटेत एक लहानसा चढ लागतो. निळ्यात चढ तर असतोच, शिवाय 'टिक्' असा आवाजही होतो. रुपेरी खटका लालसारखाच, पण त्याचे मंडल १.२ मिलिमीटरवरच जुळते.

हा चढ आणि आवाज मुद्दाम का घालायचा? टंकलेखन यंत्र आठवा. आपल्या साताऱ्याच्या वाटेवर शिरवळ येथे गोदरेजच्या कारखान्यात २००९ पर्यंत टंकलेखन यंत्रे तयार होत होती. त्या यंत्रात कळ दाबताच लोखंडी ठसा फितीवर जाऊन आदळे. अक्षर उमटले की नाही, हे बोटाला, कानाला आणि डोळ्याला एकदमच कळे. संगणकाच्या कळीला असा ठोका नाही. दोन पात्या मुकाट्याने भिडतात. म्हणून तो ठोका कृत्रिमपणे पुन्हा बसवला. लिहिणाऱ्याला त्याचा उपयोग आहे. खेळणाऱ्याला मात्र ह्या चढाची एक अडचण आहे. निळ्या खटक्यात मंडल जेथे जुळते तेथेच ते तुटत नाही. कळ त्याहून काहीशी वर आल्यावर तुटते. जाण्याची वाट एक आणि येण्याची दुसरी! भौतिकशास्त्रात ह्या गुणाला एक सुंदर शब्द आहे : शैथिल्य. एकच कळ भराभर दोनदा दाबायची असेल तर हे शैथिल्य आडवे येते. शिवाय घरातल्या माणसांची झोप मोडते ती वेगळीच.

आता रुपेरी खटक्याचा हिशेब करू. समजा, तुमचे बोट सेकंदाला २० सेंटिमीटर, म्हणजे २०० मिलिमीटर वेगाने खाली येते. लाल आणि रुपेरी यांत ०.८ मिलिमीटरचा फरक आहे. ०.८ भागिले २०० म्हणजे ०.००४ सेकंद. चार मिलिसेकंद वाचले! हे पुष्कळ की थोडे?

यासाठी एक जुनाच प्रयोग करा. मित्राला एक पट्टी उभी धरायला सांगा. शून्याच्या खुणेपाशी तुमची दोन बोटे, न चिकटता, तयार ठेवा. त्याने न सांगता पट्टी सोडली की चिमटीत पकडा. पट्टी २० सेंटिमीटर घसरली असेल तर २h/g चे वर्गमूळ काढा. उत्तर सुमारे ०.२ सेकंद येते. डोळ्याने पाहिले, मेंदूने ठरवले, मज्जातंतूंतून निरोप बोटापर्यंत गेला, ह्या सगळ्याला २०० मिलिसेकंद लागले. शेजाऱ्याच्या मुलाने १७ सेंटिमीटरवर पकडली; माझी पट्टी सबंध निसटली, पण ते असो. पडद्याचेही पाहा. सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या पडद्यावर नवे चित्र यायला जवळजवळ १७ मिलिसेकंद लागतात. १४४ चित्रांच्या पडद्यावर सात. शिवाय कळफलक संगणकाला सतत निरोप देत नाही. संगणक ठरावीक वेळाने त्याला विचारतो, "काही नवीन?" सेकंदाला १२५ वेळा विचारले तर दोन प्रश्नांत आठ मिलिसेकंदांचे अंतर पडते, हजार वेळा विचारले तर एकाच मिलिसेकंदाचे. तेव्हा साधा पडदा आणि हळू विचारपूस तशीच ठेवून केवळ रुपेरी खटक्यासाठी पैसे मोजणे म्हणजे फुटक्या बादलीला चांदीची कडी लावणे आहे.

आणखी एक गंमत आहे. दोन पात्या भिडतात त्या एकदाच भिडत नाहीत. धातू लवचीक असतो. फरशीवर पडलेल्या गोटीसारख्या त्या काही वेळा उसळतात आणि मग स्थिरावतात. हे सारे काही मिलिसेकंदांत आटोपते. पण संगणकाला प्रत्येक उसळी म्हणजे एक वेगळी दाब वाटते. तुम्ही एकदा 'क' दाबला आणि पडद्यावर 'ककक' उमटले, असे होईल. म्हणून कळफलकातील चिप थोडे शहाणपण दाखवते. एक रीत अशी : पात्या शांत होईपर्यंत, समजा पाच मिलिसेकंद, थांबायचे आणि मग निरोप द्यायचा. दुसरी रीत : पहिला स्पर्श होताच निरोप द्यायचा आणि पुढच्या पाच मिलिसेकंदांतील उसळ्यांकडे दुर्लक्ष करायचे. खेळाला दुसरी रीत बरी. पण तिच्यात एखादा भलताच विद्युत धक्काही खरी कळ म्हणून खपून जाण्याचा धोका असतो. खेळात अशी चूक झाली तर फार तर डाव जाईल.

प्रेसवर काय जाते, ते मुलाच्या वडिलांनी सांगितले. पॉवर प्रेस म्हणजे पत्र्याला आकार देणारे यंत्र. खाली डाय, वर पंच. कामगार हाताने पत्रा आत ठेवतो आणि मग कित्येक टनांचा दाब खाली येतो. हात आत असताना तो येऊ नये म्हणून यंत्राला दोन बटणे असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्ही तळहात बटणांवर असल्याशिवाय प्रेस चालत नाही. वीस वर्षांपूर्वी ते ज्या लहानशा वर्कशॉपमध्ये होते, तेथे ही दोन बटणे नुसती एकसरीत जोडलेली होती. विद्युत मंडलाच्या धड्यात तुम्ही शिकलात तशीच : दोन्ही जुळली तर प्रवाह. मजुरी नगावर होती. नग लवकर निघावेत म्हणून कोणीतरी डाव्या बटणात लाकडाची पाचर ठोकून ते कायमचे दाबून ठेवले होते. एकसरीचे मंडल बिचारे काय ओळखणार? त्याच्या दृष्टीने डावा हात बटणावरच होता. खरा डावा हात डायमध्ये पत्रा सरळ करत होता.

भोसरीपासून चाकणपर्यंत प्रेस शॉप ठिकठिकाणी आहेत. टेल्कोचा पिंपरीचा कारखाना १९६६ साली उभा राहिला, पुढे चाकणला मोठे मोटार कारखाने आले. ह्या सर्वांना लागणारे पत्र्याचे भाग अशाच लहानमोठ्या शॉपमधून जातात. वाहनउद्योगातील कामगारांच्या दुखापतींवर 'सेफ इन इंडिया' ही संस्था २०१९ पासून अहवाल काढते. त्यांत बोटे गमावण्याच्या घटना पुन्हा पुन्हा येतात, आणि त्यांत सर्वांत बदनाम यंत्र आहे पॉवर प्रेस.

आता पाचरीला उत्तर काय? आंतरराष्ट्रीय मानकानुसार चांगल्या दुहाती नियंत्रणात दोन्ही बटणे अर्ध्या सेकंदाच्या आत दाबली गेली तरच प्रेस चालतो, आणि एक ठोका झाल्यावर दोन्ही बटणे सुटल्याशिवाय दुसरा ठोका मिळत नाही. पाचर मारलेले बटण सुटतच नाही. म्हणून यंत्र गप्प बसते. शिवाय प्रत्येक बटणात दोन संपर्क असतात : एक दाबल्यावर जुळणारा, एक दाबल्यावर तुटणारा. एक जुळला पण दुसरा तुटला नाही, तर काहीतरी बिघडले आहे हे मंडलाला उमगते. बटणांचे अंतरही मोजूनच ठेवतात. त्या गणितात हाताचा वेग सेकंदाला १.६ मीटर धरतात. प्रेस थांबायला ०.२ सेकंद लागत असतील, म्हणजे तुमच्या पट्टीच्या प्रयोगाइतकाच वेळ, तर तेवढ्यात हात ३२ सेंटिमीटर पुढे जातो. बटण डायपासून त्याहून दूरच हवे.

खेळाच्या कळफलकात सारी धडपड पहिला निरोप लवकर पोचवण्याची; प्रेसच्या बटणात खोटा निरोप अडवण्याची. धातूसुद्धा वेगळे! प्रेसच्या बटणात प्रवाह अधिक, ठिणगी उडते, म्हणून चांदीचे संपर्क लागतात. कळफलकातला प्रवाह इतका क्षीण की धातूवरचा गंजाचा पातळ थरही त्याला अडवतो, म्हणून चांगल्या खटक्यांत संपर्कापुरते किंचित सोने असते.

राहिला चुंबकाचा खटका. त्यात पात्याच नाहीत. दांड्याच्या तळाशी लहानसा चुंबक असतो आणि खाली एक संवेदक. वाहकातून प्रवाह जात असताना आडवे चुंबकीय क्षेत्र लावले तर वाहकाच्या दोन बाजूंत किंचित विभवांतर निर्माण होते, हे एडविन हॉल ह्या अमेरिकन विद्यार्थ्याने १८७९ साली सोन्याच्या पातळ वर्खावर दाखवले. चुंबक जवळ आला की हे विभवांतर वाढते. त्यावरून कळ किती खाली गेली ते सतत मोजता येते. स्पर्श नाही, म्हणून उसळी नाही. मंडल कितीव्या मिलिमीटरवर 'जुळले' समजायचे, हे आपणच ठरवायचे. बोट जरा वर उचलताच कळ सुटली असे धरण्याचीही सोय असते, आणि पळता पळता एकदम थांबण्याच्या खेळात खरा फायदा आहे तो हाच. आकुर्डीच्या जुन्या चेतकची मूठ पिळली की तार ओढली जाई. विजेवरच्या स्कूटरच्या मुठीत बहुधा हाच हॉलचा संवेदक असतो. अर्थात सोयींनाही सीमा आली. डावी-उजवी कळ एकदम दाबली तर पहिली आपोआप सोडून देणारी युक्ती काही कळफलकांत निघाली, तेव्हा ऑगस्ट २०२४ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने 'काउंटर-स्ट्राइक २' च्या आपल्या सर्व्हरवर तिला बंदी केली.

मुलाला मी सांगितले, लाल घे. ज्याची बोटे कळीवर जड टेकतात त्याने रुपेरी घेऊ नये. नुसत्या टेकण्यानेच ती दाबली जाते. त्याची बोटे जडच आहेत. चुंबकाचा पैसे साठल्यावर पाहू.

कळफलक आला त्या संध्याकाळी आम्ही ४५ ग्रॅमची परीक्षा घेतली. आमच्याकडचे पाच रुपयांचे प्रत्येक पिवळे नाणे ६ ग्रॅमचे होते. मुलाने एका कळीवर एकेक नाणे अलगद रचायला सुरुवात केली. सहा झाली, सात झाली, पडदा कोराच. आठवे त्याच्या वडिलांनी ठेवले, आपल्या आखूड बोटाने नीट मध्यावर आणून. पडद्यावर अक्षर उमटले, आणि नाणी तशीच राहिल्यामुळे उमटतच राहिले, ओळीमागून ओळ.

"बघा," ते हसून म्हणाले, "ही पाचरच झाली की."