स्टेम बदलताना माप आधी, किंमत नंतर

बीडहून मांजरसुंब्याच्या घाटापर्यंत रोड बाइक दामटली की मान आखडते, तळहातांना मुंग्या येतात? सीटला दोष देण्याआधी स्टेम तपासा. हँडल आणि फोर्कची नळी यांना जोडणारा हा छोटा तुकडा तुमची बसण्याची ढब ठरवतो.

नवा घेताना दोन मापे जुळलीच पाहिजेत. आजच्या बहुतेक रोड बाइकवर हँडलाचा मधला भाग 31.8 मिमी, तर फोर्कची नळी 28.6 मिमी जाडीची असते. जुन्या हँडलांत 26 किंवा 25.4 मिमीही आढळते. फट राहिली म्हणून पत्र्याचा तुकडा कोंबणे म्हणजे उतारावर जिवाशी खेळ. साध्या सायकलीचा, नळीच्या आत पाचरीने बसणारा स्टेम इथे चालत नाही.

मग लांबी. ती सहसा 80 ते 120 मिमी असते आणि दहा-दहाने बदलते. हँडल लांब वाटत असेल, तर एकच पायरी कमी करा. वाकावे लागत असेल, तर खर्चाआधी आहे तोच स्टेम उलटा बसवून पाहा. 100 मिमी लांबीचा, 6 अंशांचा स्टेम उलटवला की हँडल सुमारे 2 सेंटिमीटर वर येते.

बसवताना आधी वरच्या टोपीचा बोल्ट आवळून बेअरिंगची ढिलाई काढा, मग बाजूचे बोल्ट स्टेमवर छापलेल्या टॉर्कइतकेच कसा. शेवटी पुढचे चाक गुडघ्यांत धरून हँडल पिळून पाहा. जरा जरी सरकले, तर घाटाकडे निघू नका.