देवनागरी मुद्राक्षरांची घडण आणि मराठी वळण : एक विवेचन

प्रस्तावना

छापलेला मजकूर वाचताना वाचकाचे लक्ष आशयाकडे असते. अक्षराच्या आकाराकडे ते सहसा जात नाही. शालेय व महाविद्यालयीन अभ्यासक्रमातही लिपीची ओळख बहुधा वर्णमालेपुरतीच राहते. वस्तुतः प्रत्येक मुद्राक्षर कोणीतरी घडविलेले असते आणि त्याच्या आकारावर लेखणी, धातू, यंत्र व खर्च या साऱ्यांचा परिणाम झालेला असतो. हा परिणाम ओळखता येणे म्हणजेच मुद्राक्षरांचा रसास्वाद घेणे होय. प्रस्तुत लेखात देवनागरी मुद्राक्षरांच्या वाटचालीतील काही टप्प्यांच्या आधारे हा मुद्दा स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. मराठीचे स्वतःचे अक्षरवळण टिकविण्याचा प्रश्न त्याच्याशी निगडित आहे.

बोरूचे संस्कार

देवनागरीची मूळ घडण बोरूची आहे. बोरूचे टोक तिरपे छाटलेले असते. त्यामुळे एका दिशेने ओढलेली तिरपी रेषा जाड येते, तर तिला छेद देणारी रेषा बारीक येते. रोमन लिपीच्या लेखणीचा छाट याच्या उलट दिशेचा असल्याने दोन्ही लिप्यांतील जाड-बारीकपणाचा तोल परस्परविरुद्ध असतो. रोमन अक्षराचे नियम देवनागरीवर जसेच्या तसे लादल्यास अक्षर परके वाटते, याचे हे एक प्रमुख कारण आहे. शिरोरेषा, उभा दंड, गाठी आणि अक्षरातील मोकळी जागा यांचे प्रमाण हा देवनागरी अक्षराचा प्राण मानावा लागतो.

सन १८०५ : दोन मार्ग

मराठी प्रदेशातील देवनागरी मुद्रणाचा एक आरंभबिंदू आजच्या सांगली जिल्ह्यातच आढळतो. पुणे दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्याकडे काम शिकलेल्या एका तांबट कारागिराकडून नाना फडणीस यांनी गीतेचे ताम्रपट कोरून घेण्यास प्रारंभ केला होता. नानांच्या मृत्यूनंतर (१८००) हा कारागीर मिरजेस गेला आणि गंगाधरराव पटवर्धन यांच्या आश्रयाने १८०५ मध्ये ही गीता छापून पूर्ण झाली. त्याच वर्षी बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण सुट्या खिळ्यांनी छापले गेले. तेथील खिळे घडविण्याचे काम पंचानन कर्मकार व त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या कारागिरांनी केले होते.

या दोन पद्धतींतील भेद मूलभूत आहे. ताम्रपटावर पोथीतील अक्षर जसेच्या तसे कोरता येते. मात्र तो पट त्या एकाच पृष्ठाच्या उपयोगाचा असतो. सुटे खिळे पुन्हा पुन्हा जुळविता येतात. परंतु त्यासाठी अक्षर, मात्रा व जोडाक्षर यांची फोड करावी लागते. पुढील काळ सुट्या खिळ्यांचा ठरला. कॅरी यांचा १८१० चा मराठी कोश मोडी खिळ्यांनी छापला गेला असला, तरी कालांतराने मराठी मुद्रणात देवनागरीच स्थिरावली. नित्याच्या व्यवहारातील मोडी हळूहळू मागे पडली, त्यामागे हेही एक कारण होते.

निर्णयसागरचे वळण

मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांनी देवनागरी खिळ्यांत सुधारणा केल्या. तेथेच लहान वयात काम शिकलेले जावजी दादाजी (१८३९–१८९२) यांनी १८६४ मध्ये खिळे ओतण्याचा कारखाना आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला. राणोजी रावजी आरू यांनी त्यांच्यासाठी अक्षरांचे पोलादी ठसे कोरले. ठसदार जाडी, डौलदार गाठी आणि लहान आकारातही न बुजणारी मोकळी जागा ही या अक्षराची वैशिष्ट्ये होत. संस्कृत ग्रंथांतील दाट जोडाक्षरे त्यात स्पष्ट वाचता येतात. सौंदर्य आणि सुवाच्यता या गोष्टी परस्परविरोधी नाहीत, हे निर्णयसागरच्या पृष्ठांवरून दिसून येते.

यंत्राची मर्यादा आणि लिपिसुधारणा

देवनागरीच्या पूर्ण जुळणीसाठी कित्येक शे खिळे लागत. उलट लायनोटाइप यंत्राच्या कळफलकावर केवळ ९० कळा होत्या. म्हणून खिळ्यांची संख्या कमी करणे हा विसाव्या शतकातील कळीचा प्रश्न ठरला. लोकमान्य टिळकांनी त्या दिशेने प्रयत्न केले. पुढे वि. दा. सावरकर यांनी ‘अ’च्या बाराखडीचा पुरस्कार केला. तीनुसार ‘इतिहास’ हा शब्द ‘अितिहास’ असा लिहिला जाई आणि इ, ई, उ, ऊ, ए, ऐ यांच्या स्वतंत्र खिळ्यांची गरज उरत नसे. कडेगावशेजारच्या पलूस तालुक्यातील किर्लोस्करवाडी येथून १९२० मध्ये सुरू झालेल्या ‘किर्लोस्कर’ मासिकाने ही पद्धत अंगीकारली होती. ती सार्वत्रिक झाली नाही. यंत्राची सोय आणि वाचकाच्या डोळ्याची सवय यांत अखेर सवय बलवत्तर ठरली.

संगणकयुग आणि मराठी ‘ल’, ‘श’

संगणकामुळे खिळ्यांच्या संख्येचे बंधन संपले, पण नवे प्रश्न निर्माण झाले. प्रारंभी प्रत्येक टंकाची सांकेतिक रचना वेगळी असल्याने तो टंक नसलेल्या संगणकावर मजकूर वाचता येत नसे. युनिकोडने ही अडचण दूर केली. विंडोजसाठी र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी घडविलेला ‘मंगल’ टंक या संक्रमणातील महत्त्वाचा टप्पा होय.

तथापि युनिकोडमध्ये देवनागरीच्या एका वर्णास एकच संकेतांक असतो; त्याचा आकार टंक ठरवितो. मराठीत ‘ल’ दोन पाकळ्यांचा, तर हिंदीत उजवीकडे उभा दंड असलेला असतो. ‘श’चेही असेच आहे. हिंदी वळण मूळ धरून केलेल्या टंकात मराठी मजकूर हिंदी रूपांत उमटतो आणि तीच रूपे पाहत मुले लिहू लागतात. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीची वर्णमाला व लिपी प्रमाणित केली. १० नोव्हेंबर २०२२ च्या सुधारित निर्णयात पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ यांचा आग्रह धरण्यात आला. तांत्रिक उपायही उपलब्ध आहे. एकाच टंकात दोन्ही रूपे ठेवता येतात आणि मजकुराची भाषा मराठी अशी नोंदविल्यास योग्य रूप उमटविता येते. अडचण बहुतांशी अनभिज्ञतेची आहे.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, मुद्राक्षराचा प्रत्येक टप्पा लेखणीचे वळण आणि साधनाची मर्यादा यांतील तडजोड होता. अक्षर पाहताना तीन प्रश्न उपयुक्त ठरतात : यातील काय बोरूचे आहे, काय यंत्राने लादले आहे आणि काय केवळ दुर्लक्षामुळे आले आहे? ग्रंथालयातील निर्णयसागरचा एखादा ग्रंथ, ‘किर्लोस्कर’चा जुना अंक आणि भ्रमणध्वनीचा पडदा शेजारी ठेवून कडेगावसारख्या ग्रामीण भागातील विद्यार्थ्यालाही हा अभ्यास विनाखर्च करता येईल. खिळे मोजके होते, तेव्हा अक्षराचे रूप सोडावे लागणे ही अपरिहार्यता होती. आज तशी कोणतीही सक्ती नसताना मराठीने आपला ‘ल’ आणि ‘श’ गमावणे समर्थनीय ठरत नाही.