ठिणगी वेळेवर विझली पाहिजे

निकोला टेस्लाने 1891 मध्ये साकारलेली कॉइल आजही हौशी मंडळी घरी बनवतात. तिचे यश अवलंबून असते ठिणगी पाडणाऱ्या फटीवर, म्हणजे स्पार्क गॅपवर. ट्रान्सफॉर्मर कपॅसिटर भरतो, फटीत ठिणगी पडते आणि साठलेली ऊर्जा प्राथमिक वेटोळ्यातून दुय्यम वेटोळ्यात जाते. त्याच क्षणी ठिणगी विझायला हवी. नाही विझली, तर ऊर्जा माघारी येऊन फटीतच उष्णता होऊन वाया जाते.

स्थिर फटीतली तापलेली हवा वीज वाहतच राहते. फिरत्या तबकडीवरचा इलेक्ट्रोड मात्र क्षणात दूर जातो आणि ठिणगी तुटते. ‘टायटॅनिक’वरच्या बिनतारी यंत्रातही अशीच तबकडी होती.

रत्नागिरीत कोणी ही तबकडी करायला घेतली, तर आधी हिशेब मांडावा. आपल्या 50 हर्ट्झ विजेत दाब सेकंदाला 100 वेळा शिखर गाठतो. मिनिटाला 1500 फेऱ्यांची सिंक्रोनस मोटर आणि चार इलेक्ट्रोड घेतले, तर ठिणग्याही बरोबर 100 पडतात. बाजारात सहज मिळणारी इंडक्शन मोटर सुमारे 1440 फेरेच घेते. मग ठिणग्या 96 होतात, शिखराशी जुळणी सुटते आणि कॉइलचा जोर सेकंदाला चार वेळा चढतो-उतरतो. अमेरिकी आराखड्यातला कपॅसिटरही जसाच्या तसा घेऊ नये. तिथली वीज 60 हर्ट्झची. 15,000 व्होल्ट, 30 मिलिअँपिअरच्या ट्रान्सफॉर्मरचे अनुनादी मूल्य तिथे 5.3 नॅनोफॅरड, इथे 6.4. या मूल्यावर दाब बेसुमार चढून ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, म्हणून सिंक्रोनस गॅपसाठी कपॅसिटर मुद्दाम मोठा घेतात.

इलेक्ट्रोड टंगस्टनचे घ्यावेत. हा धातू 3400 अंश सेल्सिअसच्याही पुढे वितळतो. तबकडी फायबरग्लासची असावी. मध्यापासून 9 सेंटिमीटरवरचा 20 ग्रॅमचा इलेक्ट्रोड 1500 फेऱ्यांना साडेचार किलो वजनाइतक्या जोराने बाहेर ओढला जातो. फेरे दुप्पट केले, तर हा जोर चौपट होतो. त्यामुळे तबकडीला भक्कम आवरण हवेच. किनाऱ्यावर खारी हवाही त्रास देते: तबकडीवर मिठाचा ओलसर थर बसला, की वीज फट सोडून पृष्ठभागावरून पळते. तबकडी वरचेवर पुसून कोरडी ठेवावी.

या कॉइलचा ट्रान्सफॉर्मर आणि भरलेला कपॅसिटर, दोन्ही जीव घेऊ शकतात. ठिणगीतून ओझोन आणि अतिनील किरण बाहेर पडतात, शेजारच्या रेडिओत खरखर होते. म्हणून विद्यार्थ्यांनी हा प्रयोग घरी एकट्याने करू नये. महाविद्यालयाच्या विद्युत प्रयोगशाळेत, जाणत्या शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावा.