‘राजी’ : एका उपेक्षित खेळाची फेरतपासणी

काही कृतींच्या वाट्याला पहिल्या प्रकाशनाच्या वेळी जी उपेक्षा येते, ती त्यांच्या गुणावगुणांवरून क्वचितच ठरलेली असते. कधी वेळ प्रतिकूल असते, कधी वाट भलतीकडे वळलेली असते, तर कधी ज्यांच्या भावविश्वातून ती कृती जन्मली त्यांच्याच हाती ती पोचलेली नसते. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या लहानशा संस्थेने निर्माण केलेला ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा पौराणिक साहसाचा व्हिडिओ गेम याच जातीच्या कृतींत मोडतो. २०२० साली तो प्रथम प्रसिद्ध झाला आणि २०२२ साली त्याची सुधारून वाढवलेली आवृत्ती निघाली. त्या दुसऱ्या आवृत्तीच्या निमित्ताने त्याची फेरतपासणी व्हावी, आणि ती मराठी मुलखात, मराठी भाषेत व्हावी, एवढ्याच हेतूने ही कैफियत मांडत आहे.

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यातील कोणत्याही वसाहतीत शाळकरी मुलांच्या घोळक्यात क्षणभर उभे राहावे, म्हणजे क्रेटॉस या ग्रीक योद्ध्याचे नाव हमखास कानी पडते. ‘गॉड ऑफ वॉर’ हा अमेरिकेत तयार झालेला खेळ २००५ साली ग्रीक पुराणकथांच्या पायावर उभा राहिला, आणि त्याच्या प्रभावाने झ्यूस, अथीना, एरीस ही दूरची दैवते आमच्या मुलांच्या परिचयाची झाली. परक्या पुराणांची ही ओळख मला मुळीच अप्रिय नाही, कारण कथा कोणत्याही मुलखातली असो, ती मन मोठेच करते. परंतु ज्या कल्याणच्या खाडीकाठी दुर्गेच्या नावाचा दुर्गाडी किल्ला उभा आहे, आणि जेथे नवरात्रात देवीच्या दर्शनाला सारे शहर लोटते, तेथील मुलांना दुर्गेचा त्रिशूळ घेऊन असुरांशी झुंजणाऱ्या राजीचे नावही ठाऊक नसावे, ही गोष्ट मनाला लागते.

खेळाचे कथानक थोडक्यात सांगण्याजोगे आहे. देव आणि असुर यांच्यातील पुरातन वैर पुन्हा पेटते, असुर मनुष्यलोकावर चालून येतात आणि बालकांना पळवून नेतात. पळवलेल्यांत गोलू हा लहान मुलगा असतो, आणि त्याच्या शोधात त्याची बहीण राजी एकटी बाहेर पडते. ती राजकन्या नाही, कोणा ऋषीची मानसकन्याही नाही; जत्रेत कसरती करून पोट भरणारी ती एक अनाथ मुलगी आहे. देवी दुर्गा तिला वरदहस्त देते आणि महाबलासुर नावाच्या बलाढ्य असुरापर्यंतचा दीर्घ, संकटांनी भरलेला मार्ग तिच्यापुढे उलगडतो. पराक्रमाची सनद कुळावरून न देता धैर्यावरून द्यावी, हा या कथेचा गाभा आहे, आणि तो खेळाच्या रचनेत आरंभापासून अखेरपर्यंत सांभाळलेला आहे.

राजीची लढण्याची रीतही तिच्या कसरतीच्या पेशातूनच आलेली आहे. भिंतीवर चार पावले धावत जाऊन ती उलटी झेप घेते. जवळ खांब असेल तर त्याला विळखा घालते, त्याच्याभोवती वेगाने गरगरते आणि त्या गतीचा सारा भार त्रिशुळाच्या टोकाशी आणून घेरणाऱ्या असुरांना उधळून लावते. ज्या महाराष्ट्राच्या तालमींत बाळंभटदादा देवधरांनी नावारूपास आणलेला मल्लखांब पिढ्यान्‌पिढ्या घोटला गेला, त्या महाराष्ट्रातील मुलाला राजीची ही खांबावरची पकड पाहताच ओळखीची वाटावी. पुढे त्रिशुळाच्या जोडीला तिच्या हाती धनुष्य येते, ढाल-तलवार येते; परंतु शस्त्रे कितीही बदलली तरी तिच्या हालचालींतील डोंबाऱ्याच्या पोरीची चपळाई लोपत नाही.

युद्धाच्या दोन प्रसंगांमध्ये जी निवांत स्थळे येतात, ती मला या खेळाची खरी श्रीमंती वाटतात. राजी एखाद्या भित्तिचित्रासमोर उभी राहते, दृष्टी हळूहळू त्या चित्राकडे सरकते, आणि आकाशातून दुर्गा व विष्णू यांचे स्वर ऐकू येऊ लागतात. हे दोघे या खेळाचे सूत्रधार आहेत. महिषासुराची कथा, अवतारांच्या कथा ते एकमेकांशी बोलत सांगतात, मधूनच खालच्या या धिटुकल्या मुलीविषयी चिंता व्यक्त करतात, कौतुकही करतात. अन्यत्र विस्कटलेले चित्र चकत्या फिरवून जुळवायचे असते, आणि ते जुळले की राजी व गोलू यांच्या पूर्वायुष्यातील एखादी आठवण साकार होते. मूळ आवृत्तीत कथेचे काही भाग छायाबाहुल्यांच्या रूपाने सांगितलेले होते. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथे ठाकर समाजाने जतन केलेल्या चामड्याच्या बाहुल्या आणि चित्रकथी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना प्रकाशापुढे हलणाऱ्या आकृतीतून पुराण सांगण्याची ही परंपरा नवी नाही. नवे आहे ते तिला मिळालेले साधन.

दृश्यरचनेत हिमालयाच्या पायथ्याची पहाडी लघुचित्रशैली, राजस्थानचे गड-महाल आणि बाली बेटावरील मध्ययुगीन मंदिरे यांचा संगम केलेला आहे, आणि त्यातील रंगकाम हातांनी केलेले आहे. हा संगम काहींना खटकेल. तथापि पुराणकथेचे नगर नकाशावर कोठेच नसते, ते कलावंताने उभारायचे असते, ही गोष्ट येथे ध्यानात घ्यावी. कल्याणहून जवळच असलेल्या अंबरनाथच्या शिवमंदिरापाशी एकवार जाऊन यावे. शिलाहारांच्या अमदानीतील, शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख असलेल्या त्या मंदिराच्या बाह्यभिंतींवर दैवते आणि सुंदरींच्या मूर्ती ओळीने कोरलेल्या आहेत; प्रेक्षक चालत राहतो आणि दगड कथा सांगत राहतो; मग पायऱ्या उतरून खोल गर्भगृहात गेल्यावर त्या साऱ्या कोलाहलाचे मौन होते. चालणाऱ्याला चालता चालता कथा सांगावी, हे शिल्पकारांचे जुने शहाणपण ‘राजी’च्या रचनाकारांनी नेमके हेरले आहे.

या कृतीच्या जन्माची हकीकतही तिच्या नायिकेला शोभेल अशीच आहे. श्रुती घोष, अविचल सिंह आणि इयन मॉड यांनी २०१७ साली संस्था स्थापन केली. त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत डोंबिवलीत ९०वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. एका शहरात ग्रंथांचा उत्सव चालू होता, त्याच वर्षी दुसऱ्या शहरात पुराणकथा सांगण्याचा एक निराळा उद्योग आकार घेत होता. खेळासाठी ‘किकस्टार्टर’च्या मार्फत लोकवर्गणी मागण्याची तजवीज झाली, ती फसली. संस्थापकांपैकी एकाने घर विकून काम चालू ठेवले. अशा मंडळींनी, खेळातील प्रत्येक दृश्य हातांनी रंगवत, ‘अनरियल’ या यंत्रणेवर ही कृती तडीस नेली.

यानंतर मात्र प्रकाशनाच्या वाटेने घात केला. १८ ऑगस्ट २०२० रोजी हा खेळ प्रथम निन्टेंडो स्विच या यंत्रापुरता प्रसिद्ध झाला. ज्या यंत्राची भारतात कंपनीकडून अधिकृत विक्रीच नव्हती, त्या यंत्रावर पुण्यात घडलेली ही कृती आधी आली. संगणक, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स यांवर ती १५ ऑक्टोबरला पोचली. परदेशी परीक्षकांनी तिची दखल घेतली आणि त्याच वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये उत्तम पदार्पणाच्या पारितोषिकासाठी तिचे नामांकन झाले, आपल्याकडे मात्र तिची नोंद फारशी कोणी घेतली नाही.

पहिल्या आवृत्तीत उणिवा होत्या, हे मान्य केले पाहिजे. दृष्टीचा कोन स्थिर असल्यामुळे कित्येकदा झेप कोठे पडणार याचा अंदाज चुकत असे. काही तासांतच कथा संपत असे. आणि शेवट असा अचानक येई की खेळणाऱ्याला आपण अर्ध्या वाटेवर सोडले गेलो असे वाटावे. दुसऱ्या आवृत्तीत निर्मात्यांनी या तक्रारी मनावर घेतल्या. दृश्यकोन मोकळा झाला, लढाई अधिक सफाईदार झाली, कथेचे प्रसंग जिवंत अभिनयावरून नव्याने साकारले गेले, आणि मूळच्या इंग्रजी संवादांच्या जोडीला हिंदी संवाद आले. दुर्गा आणि विष्णू यांच्या मुखी भारतीय भाषा आल्याबरोबर सूत्रधारांचे ते संभाषण कसे घरचे वाटू लागते, हे दोन्ही भाषांत ऐकून पाहिल्याशिवाय कळायचे नाही. पुढे नेटफ्लिक्सच्या खेळसंग्रहातून ‘राजी’ मोबाइलवरही आली, आणि ज्या प्रवाशाचे बरेचसे आयुष्य कल्याण-मुंबई लोकलमध्ये जाते, त्याच्या तळहातापर्यंत ती पोचण्याची सोय काही काळ झाली होती.

पुनःप्रकाशनाने एखाद्या खेळाचे दैव पालटते, याचा दाखला जपानकडून घेता येतो. सूर्यदेवता अमातेरासू लांडग्याच्या रूपाने अवतरते आणि चित्रकाराच्या कुंचल्याने उजाड सृष्टी फुलवते, अशी ‘ओकामी’ या खेळाची कल्पना आहे. २००६ साली तो निघाला तेव्हा समीक्षकांनी वाखाणला, परंतु खप झाला नाही, आणि पुढच्याच वर्षी ‘क्लोव्हर’ ही निर्माती संस्था बंद पडली. तरीही २०१२ आणि २०१७ साली तो नव्या यंत्रांसाठी पुनःपुन्हा निघत राहिला आणि त्याला नवे रसिक लाभत गेले. ‘राजी’चे भाग्य एका बाबतीत अधिक थोर आहे: तिचे निर्माते कार्यरत आहेत, आणि ‘राजी : कलियुग’ या पुढील भागाची घोषणाही त्यांनी केली आहे.

माझा निर्णय स्पष्ट आहे. ‘राजी’ निर्दोष नाही. परंतु पुराणकथा नुसती ऐकण्याची किंवा पाहण्याची न ठेवता ती स्वतःच्या हातांनी पार पाडण्याची केली, हे तिचे कार्य मोठे आहे, आणि ते आपल्याच प्रांतात घडले आहे. या कार्यात एकच मोठी उणीव उरली आहे, ती मराठी संवादांची. ठाण्याचे गडकरी रंगायतन, कल्याणचे आचार्य अत्रे रंगमंदिर, डोंबिवलीचे सावित्रीबाई फुले कलामंदिर या रंगमंचांवर कमावलेल्या आवाजांची वाण नाही. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाने १८९३ पासून मराठी शब्द सांभाळला. त्या परंपरेत वाढलेल्या नाट्यसंस्थांनी आणि ग्रंथालयांनी पुण्याच्या या निर्मात्यांकडे मराठी आवृत्तीसाठी रीतसर अर्ज करावा, आपले आवाज आणि आपली भाषा देऊ करावी, आणि तोवर पालकांनी सुधारलेली ‘राजी’ मुलांबरोबर बसून एकदा तरी खेळावी, ही माझी आग्रहाची विनंती आहे.